तंबाखू सर्वेक्षण आणि मशेरी : एक चिकित्सा

जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रातील प्रौढांमधील तंबाखू वापर २००९-१० मधील ३१.४ टक्क्यांवरून २०१६-१७ मध्ये २६.६ टक्क्यांवर आला. ही घट स्वागतार्ह असली, तरी भोर-वेल्ह्यासारख्या डोंगरी भागाविषयी तीवरून निष्कर्ष काढता येत नाही. कारण सदर नमुना राज्यपातळीवरील अंदाजासाठी निवडलेला आहे. शिवाय त्यात मशेरीची गणना तपकीर, गुल यांच्यासह एकाच गटात होते. ग्रामीण भागातील अनेक स्त्रिया मशेरीला व्यसन न मानता दात घासण्याचे साधन मानतात. साहजिकच ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला नकारार्थी उत्तर मिळू शकते. गरोदरपणातील अशा वापराचा संबंध बाळाच्या कमी जन्मवजनाशी असल्याने ही त्रुटी किरकोळ नव्हे. गावपातळीवरील नोंदीत मशेरीचा नाव घेऊन स्वतंत्र प्रश्न विचारणे, ही प्रतिबंधाची पहिली पायरी होय.