मुलांची विजार व चड्डी : नामसाम्याचा मोह

मुलांच्या पोषाखाचा इतिहास लिहितांना ‘विजार मुसलमानी, पाटलोण इंग्रजी’ अशी वांटणी करून विषय संपविण्याची रीत आहे. ती शब्दांपुरती खरी, वस्त्रांपुरती नव्हे.

‘विजार’ हें अरबी ‘इजार’चें रूप. परंतु अरबींत इजार म्हणजे कमरेस गुंडाळावयाचें न शिवलेलें वस्त्र. हजयात्रेकरू आजहि तेंच नेसतात. मराठींत त्यास दोन पाय फुटले. उलट, सातव्या शतकांत बाणभट्टानें हर्षचरितांत राजांच्या वेषवर्णनांत ‘स्वस्थान’, ‘पिंगा’ व ‘सतुला’ हे शब्द योजिले आहेत. वासुदेवशरण अग्रवालांनीं ते विजारीचे तीन प्रकार ठरविले. तेव्हां शब्द परका म्हणून वस्त्रहि त्याच्याबरोबरच आलें, हें अनुमान टिकत नाहीं.

‘चड्डी’विषयीं तर अधिक सावध राहिलें पाहिजे. पूर्वीं शाळकरी मुलगा चड्डी-सदऱ्यांत राजरोस हिंडे. आज हा शब्द बहुधा अंतर्वस्त्रासच लावतात. बाहेरची चड्डी ‘हाफ पँट’ झाली. शासनाच्या २०२४ च्या एकसमान गणवेशांतहि सातवीपर्यंत हाफ पँट व आठवीस फुल पँट असाच भेद होता. जुन्या आठवणींतील ‘चड्डी’ आजच्या अर्थानें वाचल्यास नीटनेटका विद्यार्थीहि उघडाबोडका ठरेल.

शिरड शहापूर १९४८ पर्यंत निजामी राज्यांत होतें. तो काळ पाहिलेले वृद्ध आतां थोडेच उरले. त्यांस केवळ वस्त्राचें नांव विचारून भागणार नाहीं. लांबी किती, नाडी कीं बटण, वरून कीं आंतून, हेंहि टिपून ठेवावें.