कर्णपर्वातील प्रतिज्ञासंकट आणि भावनांचे ज्ञान

पीटर सॅलोव्हे व जॉन मेयर यांनी १९९० साली ‘भावनिक बुद्धिमत्ता’ ही संकल्पना मांडल्यापासून, नीतिसंकटात योग्य निर्णय घेण्यास भावनांचे ज्ञान कितपत साहाय्यक होते, या प्रश्नाची चर्चा वाढली आहे. महाभारताच्या कर्णपर्वातील अर्जुनाच्या प्रतिज्ञेचा प्रसंग या प्रश्नाची उत्तम कसोटी ठरतो.

कर्णाच्या बाणांनी जर्जर होऊन शिबिरात परतलेला युधिष्ठिर अर्जुनास पाहताच कर्ण मारला गेला असे समजतो. तो जिवंत आहे हे कळताच, गांडीव दुसऱ्यास देऊन टाक, असे तो संतापाने बोलून जातो. असे म्हणणाऱ्याचा वध करण्याची अर्जुनाची गुप्त प्रतिज्ञा असते. तो खड्ग उपसतो. सत्यव्रताच्या आग्रहापायी लपलेल्या माणसांचा ठावठिकाणा दरोडेखोरांस सांगून नरकास गेलेल्या कौशिकाची कथा कृष्ण याच वेळी सांगतो. त्यामुळे हा प्रसंग बहुधा नियम व अपवाद यांचे उदाहरण म्हणूनच वाचला जातो. ‘गीतारहस्या’च्या (१९१५) कर्मजिज्ञासा प्रकरणात लोकमान्य टिळकांनीही हा उपदेश सत्याच्या अपवादांच्या चर्चेतच घेतला आहे.

या वाचनात प्रसंगाचा अर्धा भाग हातून निसटतो. कृष्ण केवळ धर्माचा अर्थ सांगून थांबत नाही. राजा श्रांत आहे, क्षत आहे, दुःखाच्या भरात बोलला आहे, हे तो अर्जुनाच्या ध्यानी आणून देतो. आणि ज्येष्ठास ‘तू’ म्हणून अवमानणे हाच त्याचा वध, अशी तोड काढतो. अर्जुन तसे बोलतो, आणि पश्चात्तापाने स्वतःवरच शस्त्र उगारतो. तेव्हा आत्मस्तुती हाच आत्मवध, ही दुसरी तोड! तर्काच्या दृष्टीने या दोन्ही तोडी शाब्दिकच होत. त्यांचे खरे बळ हे की, क्रोधास आणि पश्चात्तापास त्या रक्तपाताविना वाट करून देतात. तथापि तोडगा निर्वेध नाही. दुखावलेला युधिष्ठिर वनात जाण्यास निघतो, आणि त्याची क्षमा मागण्याची पाळी कृष्णावरही येते.

यावरून भावनांचे ज्ञान म्हणजेच नीती, असे मानणे मात्र घाईचे होईल. याच पर्वात सारथी शल्य कर्णाचे मर्म तितक्याच अचूकपणे ओळखतो, आणि नेमके शब्द वापरून त्याचा तेजोभंग करतो. त्याच्या ठायी भावनिक बुद्धिमत्तेची उणीव होती, असे कोणासही म्हणता येणार नाही. अर्जुनाच्या शब्दांनी घायाळ होणाऱ्या युधिष्ठिरानेच उद्योगपर्वात शल्याकडून या कामाचे वचन घेतले होते, हेही प्रतिज्ञेच्या प्रसंगाशेजारी ठेवून वाचावयास हवे.