अनुदिनी, रोजकीर्द आणि जाहिरात
(आंजर्ले येथील पर्यटन-व्यवसायाच्या संदर्भात एक भाषिक विचार)

‘ब्लॉग’ या संज्ञेस मराठीत ‘अनुदिनी’ हा प्रतिशब्द योजण्यात आला, तो अर्थाच्या दृष्टीने समर्पक म्हटला पाहिजे. १९९७ च्या अखेरीस प्रचारात आलेल्या मूळ इंग्रजी संज्ञेच्या गाभ्याशी जहाजावरील नोंदवहीचा वाचक ‘लॉग’ हा शब्द आहे. ‘अनुदिन’ म्हणजे दररोज. दोन्ही शब्दांत तारीख गृहीत धरलेली आहे. पुढे व्यवसायवृद्धीचे साधन म्हणून अनुदिनीची शिफारस होऊ लागली, तेव्हा तिचे दोन गुण प्रामुख्याने सांगण्यात आले. व्यावसायिक स्वतःच्या नावाने व स्वतःच्या आवाजात बोलतो, हा पहिला. आणि ‘फीड’च्या योगे प्रत्येक नवी नोंद वाचकाकडे आपोआप पोचते, हा दुसरा. हे दोन्ही गुण मूलतः भाषेचे आहेत. म्हणून या लेखनाची परीक्षाही भाषेच्या अंगाने व्हावयास हवी.

या परीक्षेस रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील आंजर्ले हे गाव सोयीचे आहे. जोग नदीच्या मुखाशी वसलेल्या या गावाची ओळख पूर्वी मुख्यतः कड्यावरच्या गणपतीमुळे होती. अलीकडे तीत समुद्रकिनारा, घरोघरची निवासव्यवस्था, हापूस आंबा व समुद्री कासवे यांची भर पडली आहे. ज्याची विक्री करावयाची ते येथे फारसे यंत्रनिर्मित नाही. ते ऋतूवर, हवेवर आणि माणसांवर अवलंबून आहे. अशा ठिकाणी शब्दाचा भरवसा हेच व्यवसायाचे भांडवल ठरते.

कोकणकिनाऱ्यावरील प्रसिद्धिलेखन वाचू लागताच काही विशेषणे पुनःपुन्हा भेटतात : निसर्गरम्य, अथांग, शांत, अस्सल, घरगुती. विशेषणांची ही गर्दी हा केवळ शैलीचा दोष नव्हे. ‘अस्सल’ हा शब्द पाहावा. जुन्या दस्तऐवजांच्या भाषेत ‘नक्कल’ समोर असल्यावाचून ‘अस्सल’ला अर्थ नव्हता; मूळ कागद दाखवून त्या शब्दाची शहानिशा करता येत असे. ‘अस्सल कोकणी चव’ या प्रयोगात नक्कल कोणती आणि मूळ कोणते, हे सांगितलेलेच नसते. शब्द उरतो, शहानिशा जाते. याउलट ‘हापूस’ या नामास २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे व पालघर या पाच जिल्ह्यांतील फळापुरते मर्यादित झाले. तेथे शब्दामागे निदान एक सीमारेषा उभी राहिली.

क्रियापदांची स्थिती याहून लक्षणीय आहे. या लेखनाचा आवडता काळ रीतिवर्तमान होय : समुद्र भुरळ घालतो, मन प्रसन्न होते, जेवणाची उत्तम सोय केली जाते. अशा वाक्यास तारीख नसते. आणि शेवटच्या वाक्यास तर कर्ताही नाही. पहाटे उठून चूल किंवा शेगडी पेटविणारी घरची बाई त्या कर्मणी रचनेत लुप्त होते. मराठीचा भूतकाळ इतका सोयीस्कर नाही. ‘आणले’, ‘रांधले’, ‘हलविली’ अशा सकर्मक रूपांबरोबर ‘ने’ प्रत्ययान्त कर्ता अपेक्षित असतो; तो गाळला तरी ‘कोणी?’ हा प्रश्न शिल्लक राहतो.

तारीखविरहित वाक्य किती घातक ठरू शकते, हे ३ जून २०२० रोजी दिसून आले. त्या दिवशीच्या ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगडच्या दक्षिण भागासह दापोली व मंडणगड तालुक्यांच्या किनाऱ्यावरील माड, पोफळी व आंब्याच्या बागांची मोठी हानी केली. वादळापूर्वी लिहिलेले गर्द वाड्यांचे वर्णन दुसऱ्या दिवशी असत्य झाले. पण ज्या वर्णनावर तारीखच नाही, त्याचे असत्य वाचकास कळावे कसे? तारखेसह केलेली नोंद जुनी होते, खोटी होत नाही.

आंजर्ल्याच्या व्यवसायातच याचे उलट उदाहरणही आहे. ऑलिव्ह रिडले कासवांच्या माद्या हिवाळ्यात किनाऱ्यावर येऊन वाळूत अंडी घालतात. ती संरक्षित कुंपणात हलवितात आणि साधारणतः दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर येतात. शेजारच्या मंडणगड तालुक्यातील वेळास येथे सुरू झालेल्या कासव-महोत्सवाची प्रथा आंजर्ल्यातही आली. परंतु पिल्ले कोणत्या दिवशी बाहेर येतील, हे आधी निश्चित सांगता येत नाही. तो काळ वाळूच्या तपमानानुसार बदलतो. म्हणून पर्यटकास हवे असते ते वर्णन नव्हे, वार्ता. ‘आज सकाळी एका घरट्यातून पिल्ले निघाली’ हे वाक्य कोरडे आहे, पण ते पडताळता येते. जे खोटे ठरू शकते, त्यावरच विश्वास ठेवता येतो. ‘आज एकही पिल्लू निघाले नाही’ ही नोंद त्या दिवशीचे गिऱ्हाईक कदाचित घालवील, पण उरलेल्या सर्व नोंदींना तीच वजन देते.

या जातीच्या लेखनास मराठीत परंपरा नाही असे नाही. पेशवे दफ्तरातील रोजकीर्दींत जमाखर्च व हुकूम तारीखवार नोंदलेले आहेत. तेथे दैनंदिन लेखन हे आत्मनिवेदन नसून व्यवहाराचा पुरावा आहे. व्यावसायिक अनुदिनीने आपले कूळ शोधावयाचे तर ते प्रवासवर्णनात नव्हे, या रोजकीर्दीत शोधावे.

यावर आक्षेप संभवतो की, अतिशयोक्ती हा जाहिरातीचा स्वभावच आहे आणि वाचक तो जाणून असतो. वृत्तपत्रापुरते हे मान्य करता येईल. तेथे जाहिरात चौकटीत असते. अरबी ‘जाहिर’ म्हणजे उघड. ‘जाहिरात’ या शब्दातच आपण जाहिरात असल्याची कबुली आहे. अनुदिनीत मात्र तीच जाहिरात ‘मी पाहिले, मी चाखले’ अशा साक्षीच्या प्रथमपुरुषी वेषात येते. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये सशुल्क शिफारशीवर तशी खूण असावी असा दंडक घातला, तो या वेषांतरामुळेच. तथापि खुणेने एवढेच कळते की मोबदला दिला गेला. पाहिले काय, हे तिच्याने कळत नाही.

फीडच्या इतिहासातही हेच घडले. १९९९ पासून विकसित झालेल्या या तंत्रात नोंदी कालक्रमाने येत. गूगलचा फीड-वाचक १ जुलै २०१३ रोजी बंद झाला. आज समाजमाध्यमांवर ज्यास फीड म्हणतात, त्यात क्रम बहुधा तारखेवरून नव्हे, वाचकाच्या संभाव्य आवडीवरून ठरतो. लेखकाने सोडलेली तारीख अशा रीतीने यंत्रानेही सोडली. कालची वार्ता आजची म्हणून पुढे येऊ लागली, तर पर्यटकाची फेरी फुकट जाते आणि बोल गावाला लागतो.

सारांश, छोट्या गावाच्या व्यवसायास अनुदिनीचा उपयोग निश्चित आहे. परंतु तो अलंकारांत नाही. कोणी, केव्हा, काय केले, या तीन प्रश्नांची उत्तरे देणारे साधे भूतकाळी वाक्य हे तिचे खरे बळ होय. विशेषणे एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यावर सहज उचलून नेता येतात. आंजर्ल्याची एका सकाळची नोंद मात्र आंजर्ल्याचीच राहते.