शोकापलीकडचे स्मरण

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईवर सुरू झालेल्या हल्ल्यात १६६ जीव गेले. त्यानंतर स्मृतिलेखांना तोटा राहिला नाही. परंतु त्यांतील बहुतेकांत गौरवाने विचाराची जागा घेतली. विनिता कामटे यांनी विनिता देशमुख यांच्यासमवेत लिहिलेले ‘टू द लास्ट बुलेट’ (२००९) हे पुस्तक या सरधोपट वाटेने जात नाही. कामा रुग्णालयाजवळच्या गल्लीत हेमंत करकरे व विजय साळसकर यांच्याबरोबर अशोक कामटे धारातीर्थी पडले. ते कसे, हा त्यांच्या पत्नीचा प्रश्न. माहितीच्या अधिकाराखाली मिळविलेल्या नियंत्रण कक्षाच्या नोंदींत तिने उत्तर शोधले. पतीचे चित्र रेखाटताना लेखणी भक्तिभावाकडे झुकते, हे खरे. पण नोंदी वाचू लागताच ती कठोर होते, आणि तेथेच या पुस्तकाचे सामर्थ्य आहे.

म्हैसुरात, घरापासून दूर, फायलींच्या सहवासात दिवस काढणाऱ्या आपणांस याचे मर्म अधिक कळावे. आपण टिपलेली एखादी वेळ उद्या कुणाच्या शोकाचा एकमेव आधार ठरेल. पुष्पचक्रे सुकतात, खरी नोंद टिकते, आणि राष्ट्राचा निर्धार अखेर तिच्यावरच पारखला जातो.