नाव लपवणं आणि नाव मिरवणं

आजच्या चित्रपटाचं फ्रेंच नाव ‘ल नों दे जां’, म्हणजे ‘माणसांची नावं’. इंग्रजीत त्याचं ‘द नेम्स ऑफ लव्ह’ झालं आणि मुद्दाच हरवला. चित्रपट २०१० सालचा. दिग्दर्शक मिशेल लक्लेर. पटकथा त्यांची आणि बाया कास्मी यांची. या पटकथेला आणि नायिका सारा फॉरेस्तिए हिला सेझार पुरस्कार मिळाला.

गोष्ट वरवर पाहता चावट आहे. बाहिया बेनमहमूद ही तरुणी उजव्या विचाराच्या पुरुषांशी शय्यासोबत करते, कशासाठी? तर त्यांना डावं करण्यासाठी! उजवा म्हणजे फॅसिस्ट, असा तिचा सरळ हिशेब. तिला भेटतो आर्तूर मार्तां. मरून पडलेले पक्षी तपासणारा, मोजून-मापून बोलणारा मध्यमवयीन माणूस. ती त्याला उजवा समजते. निघतो समाजवादी नेते जोस्पँ यांचा निष्ठावान मतदार. २००२ साली हे जोस्पँ राष्ट्राध्यक्षपदाच्या पहिल्याच फेरीत ल पेन यांच्या मागे पडले होते. आणि गंमत म्हणजे खुद्द जोस्पँ या चित्रपटात क्षणभर येऊन जातात.

आता नावांकडे या. ‘आर्तूर मार्तां’ हे फ्रान्समध्ये घरगुती उपकरणांच्या एका ब्रँडचंही नाव आहे. इतकं सर्वसामान्य की नाव सांगितलं की लोक हसतात. पण या निर्धोक नावामागे काय आहे? त्याच्या आईचं माहेरचं आडनाव कोएन. तिचे आईवडील आउश्वित्झला नेले गेले, परतले नाहीत. लहानगी वेगळ्या नावानं लपून वाचली. मोठेपणी या घरात तो विषय निघत नाही, बरं का. तसं काही टीव्हीवर आलं की चॅनेल बदलायचं. उलट बाहियाचे वडील अल्जेरियातून आलेले. त्यांनीही युद्धात आपली माणसं गमावलेली. तेही बोलत नाहीत. दुसऱ्यांच्या मोडक्या वस्तू दुरुस्त करत राहतात. म्हणजे नावं दोन टोकांची, मौन मात्र एकच.

इथे तत्त्वज्ञानाचा एक प्रश्न उभा राहतो. सार्त्र यांनी १९४६ साली ज्यूविरोधावरच्या पुस्तकात म्हटलं होतं, की ज्यू तो, ज्याला इतर लोक ज्यू मानतात. मग ज्याला कुणीच तसं मानत नाही त्या आर्तूरचं काय? बाहियाला त्याच्या आजी-आजोबांची हकिगत कळते तेव्हा ती हरखून जाते. आता तो तिच्या लेखी ‘पीडितांचा’ होतो! तो मात्र संकोचतो. मृतांचं दुःख बिल्ल्यासारखं छातीवर लावायचा मला हक्क काय, हा त्याचा संकोच. माझ्या मते चित्रपटाचा प्राण या संकोचात आहे.

काळही लक्षात घ्या. २००७ मध्ये फ्रान्समध्ये ‘राष्ट्रीय अस्मिते’चं मंत्रालय निघालं, २००९ मध्ये सरकारनं त्यावर चर्चा जाहीर केली. आडनाव ऐकून माणसाला खणात टाकायची सवय आपल्याला कुणी शिकवावी लागत नाही. पण जनगणनेत धर्मही न विचारणाऱ्या प्रजासत्ताकात ही चर्चा निघावी, यातली विसंगती लेखकांनी अचूक पकडली.

पण एक तक्रार आहे. बाहिया शत्रूंसारखंच करते, नावावरून माणूस ओळखते. आर्तूरच्या बाबतीत चित्रपट तिला हे उमगू देतो. तिच्या बिछान्यातले उजवे पुरुष मात्र अखेरपर्यंत चित्रातले पुतळेच राहतात. त्यांना चेहरा नाही, मत बदलण्याची वेदना नाही. जो चित्रपट ‘लेबल लावू नका’ म्हणतो त्यानं विरोधकालाही लेबलाबाहेर येऊ द्यायला नको का? शिवाय बाहियावर लहानपणी पियानो शिक्षकानं केलेला अत्याचार विनोदाच्या वेगात झाकला जातो, तेही खटकतं.

तरी पाहाच. नाव लपवून माणूस सुटत नाही, मिरवूनही नाही. कधी, कुणाजवळ, किती बोलायचं हे ज्याचं त्यानं ठरवावं, एवढं स्वातंत्र्य हवं. प्रेमात ते मिळतं, कधीकधी. राजकारणात ते मिळवावं लागतं.