शौर्याचा बाजारभाव

शौर्याचा बाजारभाव कळायला अर्थशास्त्र लागत नाही. मर्व्हिन लरॉयचा ‘आय ॲम अ फ्युजिटिव्ह फ्रॉम अ चेन गँग’ (१९३२) पुरतो. पहिल्या महायुद्धाहून परतलेला जेम्स ॲलन काम शोधून थकतो आणि आपलं पदक गहाण टाकायला नेतो. दुकानदार बिचारा हुज्जत घालत नाही. तसल्याच पदकांनी भरलेली पेटी तेवढी दाखवतो. आवक फार, भाव पडलेला! मंदीत होरपळणाऱ्या अमेरिकन प्रेक्षकाला आणखी व्याख्यान कशाला हवं?

पुढं दुसऱ्याच्या पिस्तुलाच्या धाकानं गल्ल्यात हात घातला, म्हणून ॲलनला दहा वर्षांची सक्तमजुरी. पळून जाऊन तो नावाजलेला इंजिनिअर होतो, तर नव्वद दिवसांत सोडू म्हणून सरकार परत बोलावतं आणि शब्द फिरवतं. मधलं धमकावून लग्न करणाऱ्या बायकोचं प्रकरण जरा नाटकीच. पण पॉल म्युनीचे डोळे ते निभावून नेतात.

पुन्हा फरार झालेल्या त्याला शेवटी प्रेयसी विचारते, जगतोस कसा? अंधारातून उत्तर येतं, चोरी करून. गोष्ट रॉबर्ट बर्न्सच्या खऱ्या हकीकतीवरची. नसलेला चोर सरकारनं आधी ठरवला, मग खरोखरच घडवला. सरकारी काम असूनही पुरं झालं म्हणायचं!