अकरा विधाने आणि एक आकडा

गेल्या महिन्यात आमच्याकडे चार कुटुंबे जेवायला होती. मंडळाच्या निवडणुकीचा, म्हणजे अर्थातच भांडणांचा, विषय निघाला आणि कुणीतरी नेहमीचा सुस्कारा टाकला, "नाहीतर हे ज्यू लोक बघा! कसे एकमेकांना धरून असतात!" सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली.

आता गंमत पाहा. अमेरिकेतला ज्यूद्वेष मोजण्यासाठी वर्षानुवर्षे जी प्रश्नावली वापरली गेली, तिच्यातले एक विधान जवळजवळ याच शब्दांत आहे: ज्यू इतर अमेरिकनांपेक्षा जास्त एकमेकांना धरून असतात. आम्ही कौतुकाने बोललो, ते तिथे पूर्वग्रहाच्या खात्यात जमा होते.

या प्रश्नावलीचे मूळ १९६४ सालच्या पाहणीत आहे. अँटी-डिफमेशन लीग या ज्यू संघटनेसाठी बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी ती केली होती. त्यातून अकरा विधानांची मोजपट्टी तयार झाली. सहा किंवा अधिक विधाने ज्याला पटतात तो ज्यूद्वेष्टा, दोन ते पाच पटणारा मधला, त्याखालचा निर्दोष. या पट्टीवर १९६४ साली २९ टक्के अमेरिकन पहिल्या गटात बसले, १९९२ साली २०, १९९८ साली १२. एका प्रश्नावर निकाल न देता अकरांवर द्यायचा, ही कल्पना मला शहाणपणाची वाटते. आमच्यासारखे एखाद्या विधानाला मान डोलावणारे त्यामुळे सुटतात. पण सहाच का? रेघ कुठेतरी ओढायची म्हणून ओढलेली आहे, इतकेच. शिवाय सगळी विधाने एकाच वजनाची. 'एकमेकांना धरून असतात' याला एक गुण, आणि 'हवे ते मिळवण्यासाठी लबाडी करायला इतरांपेक्षा जास्त तयार असतात' यालाही एकच!

आणखी एक विधान आहे: ज्यूंची निष्ठा अमेरिकेपेक्षा इस्राएलवर जास्त असते. इथे मी अडखळलो. इंग्लंडमधल्या मंडळींना १९९० सालची नॉर्मन टेबिट यांची 'क्रिकेट कसोटी' आठवत असेल. स्थलांतरित कोणत्या संघासाठी टाळ्या वाजवतात ते पाहा, म्हणे! आपल्याला ती झोंबली होती. पण तोच प्रश्न ज्यूंबद्दल विचारला, तर आपल्यातला कुणीही सहज म्हणेल, "असणारच, त्यात काय?" मायदेशाची ओढ आपल्याला स्वाभाविक वाटते ना! मात्र ज्याच्या चार पिढ्या ब्रुकलिनमध्ये गेल्या, त्या ज्यूचा मायदेश अमेरिकाच आहे, हे आपण विसरतो.

ही पट्टी मोजते ते मनातले चित्र; भावना नव्हे. कौतुक करणारा आणि द्वेष करणारा या दोघांच्या मनात चित्र एकच असू शकते: हुशार, श्रीमंत, संघटित, वजनदार. २०१४ साली प्यू संशोधन केंद्राने अमेरिकनांना निरनिराळ्या धर्मगटांबद्दलच्या आपुलकीला शून्य ते शंभर असे गुण द्यायला सांगितले, तेव्हा ज्यूंना सरासरी ६३ मिळाले, म्हणजे सर्वांत जास्त. चित्र आणि भावना दोन्ही विचारल्याखेरीज द्वेष हाती लागत नाही.

शब्दरचनेचा घोळ तर विचारूच नका. १९९२ साली रोपर संस्थेने अमेरिकन ज्युइश कमिटीसाठी लोकांना विचारले, की नाझींनी केलेला ज्यूंचा संहार कधी झालाच नाही हे तुम्हांला शक्य वाटते की अशक्य? 'अशक्य' आणि 'झालाच नाही' यांच्या गाठीत लोक अडकले. २२ टक्के 'शक्य' म्हणाले आणि मोठी खळबळ उडाली. १९९४ साली प्रश्न सरळ करून विचारला, तर प्रमाण सुमारे एक टक्का!

२०१४ सालीच लीगने अकरा विधानांची सुधारित यादी घेऊन शंभराहून अधिक देशांत व प्रदेशांत ५३,१०० प्रौढांना गाठले. जगात २६ टक्के ज्यूद्वेष्टे निघाले, भारतात २०, लाओसमध्ये ०.२. उत्तरे देणाऱ्यांपैकी ७४ टक्के लोकांना आयुष्यात कधी ज्यू भेटलेला नव्हता! 'माहीत नाही' म्हणणारा या पट्टीवर आपोआप निर्दोष ठरतो. मग लाओसचा आकडा सहिष्णुतेचा की अज्ञानाचा? आपल्या कोकणात तेल गाळणाऱ्या बेने इस्राएलांना गावकरी 'शनवार तेली' म्हणत. त्या गावकऱ्यांना 'ज्यूंबद्दल तुमचे मत काय?' असे विचारले असते, तर किती जणांना प्रश्न कळला असता?

हे सगळे लिहिले म्हणून ज्यूद्वेष हा केवळ आकड्यांचा खेळ आहे, असे कुणी समजू नये. २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये पिट्सबर्गच्या सिनेगॉगमध्ये अकरा माणसे मारली गेली. फुगवलेल्या आकड्यांची थट्टा होऊ लागली, की खऱ्या धोक्याकडेही लोक काणाडोळा करतात. माझा राग आहे तो त्यासाठी.

लंडनच्या इन्स्टिट्यूट फॉर ज्युइश पॉलिसी रिसर्चचा २०१७ सालचा अहवाल म्हणूनच मला सर्वांत प्रामाणिक वाटला. त्यांनी एकच रेघ ओढली नाही. ब्रिटनमध्ये ज्यांना सरळ ज्यूद्वेष्टे म्हणता येईल असे लोक सुमारे ५ टक्के. पण निदान एक तरी ज्यूविरोधी कल्पना मनात बाळगणारे सुमारे ३० टक्के. हे ३० टक्के ज्यूद्वेष्टे नव्हेत, असे अहवालच बजावतो. दोन्ही आकडे खरे आहेत, पण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे आहेत. ब्रिटनमधल्या ज्यू माणसाला ऑफिसात किंवा कुणाच्या घरी जेवताना त्या ५ टक्क्यांतला माणूस क्वचितच भेटेल. ३० टक्क्यांतला मात्र वरचेवर भेटत राहील.